रांगेचे गणित आणि वाटणीचा न्याय

वसतिगृहात वाढलेल्या मुलाला रांग वेगळी शिकवावी लागत नाही. पहाटे नळापुढे रांग, नंतर न्हाणीघरापुढे रांग, दुपारी ताट-वाटी घेऊन भोजनगृहापुढे रांग. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला की गुरुजनांच्या आठवणींबरोबर या रांगांच्याही आठवणी निघतात. अलीकडे त्यांत आणखी एका रांगेची भर पडली आहे. मात्र ती डोळ्यांना दिसत नाही. दहावीचा निकाल पाहताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, अकरावीच्या प्रवेशाची यादी उघडताना पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहते. ते फिरणारे वर्तुळ म्हणजेच रांग होय. आपल्यापुढे किती जण उभे आहेत, आपला क्रम कधी येणार, कोणी मध्येच घुसले काय, यांपैकी काहीच तेथे कळत नाही. म्हणून माणूस वैतागतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे म्हणून उठतो.

या अदृश्य रांगेचेही एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला ‘क्यूइंग थिअरी’ म्हणतात. या लेखात आम्ही त्याला रांगशास्त्र म्हणणार आहोत. सेवा देणारा एक आणि मागणारे अनेक असले म्हणजे कोणाला किती थांबावे लागेल, आणि सेवा वाटून देण्याचा नियम बदलला तर कोणाचा लाभ व कोणाची हानी होईल, याचा विचार हे शास्त्र करते. सेवा देणाऱ्यास त्यात ‘सर्व्हर’ ही संज्ञा आहे. नळ हा सर्व्हर, वाढपी हा सर्व्हर, तिकीटखिडकी हाही सर्व्हर. दूरसंचाराच्या जाळ्यात ती जागा कधी एखादा संगणक घेतो, कधी एखादी तार, तर कधी गावाबाहेरच्या टेकडीवर उभा असलेला मोबाइलचा टॉवर. या शास्त्रातील चार-दोन सूत्रे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असावीत असे आम्हांस वाटते. कारण आपल्या मुलांचे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या आज याच रांगेतून येतात.

टेलिफोनपासून सुरुवात

या शास्त्राचा उगम टेलिफोनमध्ये आहे. डेन्मार्कमधील आग्नर क्रारुप एर्लांग हे गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत. शहरात टेलिफोन हजारो असतात, पण दोन केंद्रांना जोडणाऱ्या तारा थोड्या. किती तारा टाकल्या असता ग्राहकांची गैरसोय सोसण्याजोगी राहील, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. 1909 मध्ये त्यांनी या विषयावरील पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि 1917 मध्ये आजही वापरात असलेली सूत्रे मांडली. संभाषणांची गर्दी मोजण्याच्या एककास आज ‘एर्लांग’ असेच नाव आहे. तासाभरात एकूण साठ मिनिटांचे बोलणे व्हावयाचे असेल, तर ती मागणी एक एर्लांग.

एर्लांग यांच्या सूत्राने काय कळते ते पाहू. किनाऱ्यावर दहा गावे आहेत, प्रत्येक गावाला बाहेर बोलण्यासाठी एकेक स्वतंत्र तार आहे आणि प्रत्येक गावाची मागणी एक एर्लांग आहे, असे समजा. वरवर पाहता हिशेब चोख वाटतो: तासाला साठ मिनिटांची तार आणि साठ मिनिटांचे बोलणे. पण माणसे ठरवून फोन करीत नाहीत. एका क्षणी दोघांना तार हवी असते, तर दुसऱ्या क्षणी ती रिकामी पडलेली असते. सूत्र सांगते की अशा व्यवस्थेत निम्मे कॉल लागतच नाहीत. आता त्याच दहा तारा दहाही गावांनी सामाईक केल्या, ज्याला गरज असेल त्याने मोकळी असेल ती तार घ्यावी असे ठरविले, तर न लागणाऱ्या कॉलचे प्रमाण शंभरात सुमारे एकवीसवर उतरते. एकही तार न वाढविता केवळ सामाईकपणामुळे झालेला हा लाभ आहे. सर्व दूरसंचार याच तत्त्वावर उभा आहे. एकाची गरज नसते तेव्हा त्याचा वाटा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

आपल्यातील ज्येष्ठ मंडळींना ट्रंक कॉलचे दिवस आठवत असतील. परगावी बोलायचे तर टपाल कार्यालयात जाऊन कॉल नोंदवावा लागे आणि मग तासन्‌तास बसून राहावे लागे. त्या रांगेतही वर्ग होते: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. अधिक दर देणाऱ्याचा कॉल आधी लागे. रांगशास्त्रात याला अग्रक्रमाची रांग म्हणतात. तिच्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्रम बदलल्याने तारांची संख्या वाढत नाही. लाइटनिंगवाल्याचा वाचलेला वेळ साध्या कॉलवाल्यांच्या खात्यावर पडतो. भारतात 1960 मध्ये कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान थेट डायल करण्याची एसटीडी सेवा सुरू झाली आणि पुढे गावोगावी पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून बूथसमोर जेवणानंतर रांगा लागत. गर्दीचा भार दिवसावरून रात्रीवर सरकविण्याचा तो उपाय होता.

काठोकाठ भरलेली क्षमता

आता आजच्या सर्व्हरकडे येऊ. एखाद्या संकेतस्थळाचा सर्व्हर मिनिटाला सरासरी 30 मागण्या पूर्ण करू शकतो, म्हणजे एका मागणीस सरासरी दोन सेकंद लागतात, असे समजा. मागण्या अनियमितपणे येतात आणि प्रत्येकीचे कामही कमी-अधिक असते. अशा रांगेसाठी रांगशास्त्राचे सर्वांत साधे प्रतिमान आहे. त्यानुसार एका मागणीस लागणारा सरासरी वेळ काढण्यासाठी सर्व्हरच्या क्षमतेतून येणाऱ्या मागण्या वजा कराव्यात आणि एका मिनिटाला त्या बाकीने भागावे.

मिनिटाला 15 मागण्या आल्या तर बाकी 15 उरते, म्हणून सरासरी वेळ 4 सेकंद. 24 आल्या तर बाकी 6, म्हणून 10 सेकंद. 27 आल्या तर 20 सेकंद. आणि 29 आल्या तर बाकी केवळ 1 उरते, म्हणून पूर्ण 60 सेकंद. येथे जरा थांबून पाहावे. 15 वरून 24 पर्यंत नऊ मागण्या वाढल्या तेव्हा सहा सेकंदांची भर पडली. परंतु 27 वरून 29 पर्यंत फक्त दोनच वाढल्या आणि वेळ तिप्पट झाला. सर्व्हर बिघडला नाही, कोणी आळस केला नाही, क्षमतेपेक्षा अधिक मागण्याही आल्या नाहीत. तरीही रांग फुगली. कारण अनियमितपणा सामावून घेण्यास मोकळी जागा उरली नाही. आषाढात विहीर काठोकाठ भरलेली असते तेव्हा एक सरही तिला पुरते, तसाच हा प्रकार आहे.

रांगेत किती जण आहेत हे काढण्याचा नियमही तितकाच सोपा आहे. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली. येण्याचा दर आणि आत राहण्याचा सरासरी वेळ यांचा गुणाकार म्हणजे एका वेळी आत असलेल्यांची सरासरी संख्या. भोजनगृहात मिनिटाला 12 मुले येत असतील आणि प्रत्येकाला ताट वाढून घेईपर्यंत 5 मिनिटे लागत असतील, तर केव्हाही पाहिले तरी सरासरी 60 मुले रांगेत दिसतील. वरील सर्व्हरवर मिनिटाला 27 मागण्या असताना सरासरी 9 जण आत असतात, 29 असताना 29 जण. नियम एकच, भोजनगृहालाही लागू आणि संगणकालाही.

आता अर्जाच्या शेवटच्या दिवसाचा विचार करू. याच सर्व्हरकडे महिनाभराच्या मुदतीत तीन लाख मागण्या येणार आहेत, असे धरा. त्या तीस दिवसांत, दिवसरात्र सारख्या विखुरल्या, तर रोज दहा हजार, म्हणजे मिनिटाला सातही नाहीत. प्रत्येकाचे काम तीन सेकंदांच्या आत होईल. परंतु निम्म्या मागण्या शेवटच्या दिवसासाठी राहिल्या तर काय होईल? त्या दिवशी दीड लाख मागण्या येतील. सर्व्हर चोवीस तास अखंड चालला तरी 43,200 पूर्ण करील. एक लाखाहून अधिक मागण्या मध्यरात्रीनंतरही रांगेतच राहतील, आणि मध्यरात्री दार बंद झालेले असेल. महिनाभर जवळजवळ रिकामा बसलेला सर्व्हर एका दिवसात हजारो मुलांचे वर्ष वाया घालवू शकतो, तो असा. ज्या घरी स्वतःची जोडणी आहे तो मध्यरात्रीपर्यंत पुनःपुन्हा प्रयत्न करतो. ज्याला तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत जावे लागते त्याची शेवटची एसटी संध्याकाळीच सुटते.

आधी येईल तो आधी, की सर्वांना थोडे थोडे?

आतापर्यंत आपण थांबावे किती लागते ते पाहिले. आता कोणाला थांबावे लागते ते पाहू. कारण ते क्षमतेवर अवलंबून नसून वाटणीच्या नियमावर असते.

मांडव्याच्या धक्क्यावरून समोर दिसणाऱ्या मुंबईच्या टोकाला, कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे 1964 मध्ये ‘सीडीसी 3600’ हा त्या काळचा मोठा संगणक आला. देशभरातील संशोधक आपले काम भोके पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर आणून देत. गठ्ठे एकामागून एक यंत्रात जात. एखाद्याचे काम क्षणाचे असले आणि त्याच्यापुढे तासाभराचे काम असले, तर त्याने तासभर थांबावे हे ओघानेच आले. ही ‘आधी येईल तो आधी’ पद्धत.

याच सुमारास अमेरिकेत निराळा प्रयोग चालू होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी 1961 मध्ये एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याची व्यवस्था दाखविली. संगणक प्रत्येकाचे काम क्षणभर करतो, बाजूला ठेवतो, पुढच्याचे घेतो आणि फिरून पुन्हा पहिल्याकडे येतो. पंगतीत वाढपी एकालाच पोटभर वाढून मग दुसऱ्याकडे जात नाही. सर्वांना थोडे थोडे वाढीत पंगतभर फेऱ्या घालतो, तसे. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी 1964 ते 1967 या काळात या पद्धतीचे गणित मांडले. क्षण अगदी लहान केला तर जणू संगणकाची शक्ती हजर असलेल्या सर्वांत समान विभागली जाते. या आदर्श स्थितीस ‘प्रोसेसर शेअरिंग’ म्हणतात. आपण तिला समान वाटणी म्हणू. इंटरनेटची एकच जोडणी अनेक जण वापरतात तेव्हा घडते ते बहुतांशी हेच.

एका उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. संगणक कक्षात तिघे एकाच क्षणी बसले. पहिल्याला चित्रफीत उतरवून घ्यायची आहे. संपूर्ण जोडणी त्याला मिळाली तर 60 सेकंद लागतील. दुसरीला प्रश्नपत्रिका हवी आहे. 2 सेकंदांचे काम. तिसऱ्याला अर्जाचे शेवटचे बटण दाबायचे आहे. 1 सेकंदाचे काम. ‘आधी येईल तो आधी’ या नियमाने पहिला 60 व्या सेकंदाला, दुसरी 62 व्या आणि तिसरा 63 व्या सेकंदाला मोकळा होतो. समान वाटणीत जोडणी प्रथम तिघांत विभागली जाते. तिसरा 3 सेकंदांत उठतो. मग ती दोघांत विभागली जाते आणि दुसरी 5 व्या सेकंदाला उठते. पहिला 63 व्या सेकंदाला. पहिल्याचे नुकसान तीन सेकंदांचे झाले. दुसरीचे 57 आणि तिसऱ्याचे 60 सेकंद वाचले. जोडणीला एकूण काम दोन्ही वेळा 63 सेकंदांचेच होते.

हे तिघांपुरतेच खरे आहे असे नाही. आपला मघाचा सर्व्हर घ्या, मिनिटाला 27 मागण्या येत असलेला. ‘आधी येईल तो आधी’ या नियमात प्रत्येकाला आपला क्रम येईपर्यंत सरासरी 18 सेकंद थांबावे लागते, मग काम लहान असो वा मोठे. ज्याचे काम एक पंचमांश सेकंदाचे आहे त्याला कामाच्या 91 पट वेळ लागतो. ज्याचे काम 20 सेकंदांचे आहे त्याला दुपटीहूनही कमी. समान वाटणीत मात्र प्रत्येकाला सरासरी आपल्या कामाच्या दहापट वेळ लागतो: लहान कामाला 2 सेकंद, मोठ्या कामाला 200. ज्याची मागणी जेवढी, तेवढी त्याची प्रतीक्षा. रांगशास्त्राने सिद्ध केलेल्या गोष्टींत ही आम्हांस फार मोलाची वाटते.

परंतु समान वाटणी हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तिघांची कामे सारखीच, वीस-वीस सेकंदांची असतील, तर एकामागून एक केल्यास ती 20, 40 आणि 60 व्या सेकंदाला पूर्ण होतात. समान वाटणीत तिघेही 60 व्या सेकंदापर्यंत खोळंबतात. कोणाचाच लाभ नाही आणि दोघांचे नुकसान. म्हणून ताट वाढून घेण्यासाठी साधी रांगच योग्य. तेथे सर्वांची गरज जवळजवळ सारखी असते. जेथे गरजांमध्ये अजगर आणि मुंगी यांच्याएवढे अंतर असते, तेथे समान वाटणी हवी. इंटरनेटवर ते अंतर असते: कोणाला दोन ओळींचा निरोप पाठवायचा असतो, तर कोणाला अख्खा चित्रपट उतरवायचा असतो.

वाटणी करतो कोण?

नळापुढे मोठा मुलगा उभा राहून शिस्त राखतो. जगभर पसरलेल्या इंटरनेटवर असा देखरेख करणारा कोणीही नाही. मग वाटणी होते कशी?

1986 च्या ऑक्टोबरमध्ये या प्रश्नाने अमेरिकेत गंभीर रूप धारण केले. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जेमतेम चारशे यार्ड अंतरावरील दोन ठिकाणांमधली जोडणी सेकंदाला 32 हजार बिट वाहून नेत असे. ती एकाएकी 40 बिटवर आली. तार शाबूत होती. पण माहितीची पॅकेटे वेळेवर पोहोचली नाहीत की प्रत्येक संगणक तीच पॅकेटे पुन्हा पाठवी, त्यामुळे गर्दी वाढे, आणखी पॅकेटे हरवत, ती पुन्हा पाठविली जात. सर्वांनी एकदम ओरडल्याने कोणाचेच ऐकू येऊ नये, तशी अवस्था झाली. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपायाचे सार असे: पॅकेट हरवले की पाठविणाऱ्याने आपला वेग एकदम कमी करावा आणि मग हळूहळू, चाचपडत वाढवावा. प्रत्येक संगणकाने हा नियम पाळला की जोडणीची वाटणी आपोआप जवळजवळ समान होते. आज आपल्या खिशातील मोबाइलही याच परंपरेतील नियम पाळतो. इंटरनेट चालते ते प्रत्येकाच्या संयमावर.

संयमावर चालणाऱ्या व्यवस्थेत लबाडीला जागा असतेच. वाटणी जोडणीगणिक होत असेल तर दहा जोडण्या उघडणारा अकरांपैकी दहा वाटे घेऊन जातो आणि एकच जोडणी उघडणाऱ्याच्या हाती एक वाटा उरतो. यावर 1989 मध्ये ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी ‘फेअर क्यूइंग’ या पद्धतीचे सविस्तर विवेचन केले. तिच्यात राउटर प्रत्येकासाठी वेगळी रांग ठेवतो आणि सर्व रांगांना पाळीपाळीने संधी देतो. कोणी कितीही गर्दी केली तरी ती त्याच्याच रांगेत तुंबते. शेजाऱ्याला झळ लागत नाही. या विषयात भारतीय अभ्यासकांचे कार्य मोठे आहे. मुंबईच्या आयआयटीतील डी. मंजुनाथ यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनुराग कुमार व जॉय कुरी यांच्यासह 2004 मध्ये दूरसंचार जाळ्यांच्या गणितावर लिहिलेला ग्रंथ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा.

रांगेत उभे राहण्याचा अधिकार

वरील सर्व गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जो आला त्याला रांगेत घेतले जाते. परंतु रांगेच्या नियमाआधी दाराचा नियम येतो, आणि तो कोणत्याही सूत्रात दिसत नाही.

रायगड जिल्ह्यातील माणसाला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. महाडचे चवदार तळे सार्वजनिक होते. पाण्याची टंचाई नव्हती. गुरेढोरे तेथे पाणी पीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला, आणि महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये त्यानुसार ठराव केला. तरीही अस्पृश्य मानलेल्या माणसाला तळ्यावर उतरता येत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. खटला चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या हक्काच्या बाजूने निकाल दिला. क्षमता मुबलक आणि प्रतीक्षा मात्र अनंत, अशी ती स्थिती होती. कारण काही माणसांना रांगेत मोजलेच जात नव्हते.

आजच्या सर्व्हरच्या दाराशी जात विचारली जात नाही. पण दार तेथेही आहे. अर्ज केवळ ऑनलाइन स्वीकारला जाणार असेल आणि घरात मोबाइल नसेल, तर ते मूल रांगेच्या शेवटी नसते. ते रांगेच्या बाहेर असते. सर्व्हर कितीही वेगवान केला तरी त्याची प्रतीक्षा संपत नाही. म्हणून सर्व्हरची क्षमता वाढविणे हे एक काम, आणि प्रत्येक मुलाला दारापर्यंत आणणे हे दुसरे. पहिले अभियंत्यांचे, दुसरे मात्र आपल्यासारख्या संस्थांचे, पालकांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे.

वादळानंतरची रांग

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर धडकले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले आणि मोबाइलचे जाळे कोलमडले. मुंबईत असलेल्या मुलाला गावातील आई-वडिलांचा आवाज ऐकण्यासाठी अनेक दिवस वाट पाहावी लागली.

अशा वेळी काय होते ते रांगशास्त्राच्या आधारे नीट समजून घ्यावे. कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याचा पुन्हा उपयोग पडणार आहे. वीज गेली की टॉवर काही काळ बॅटरीवर वा जनरेटरवर तग धरतात, मग एकेक बंद पडतो. जो चालू राहतो त्याच्यावर भोवतालच्या सर्व गावांचा भार येतो. त्याच वेळी प्रत्येक जण फोन करू लागतो. मागणी क्षमतेच्या पलीकडे जाते. कॉल ही एर्लांग यांच्या पद्धतीची सेवा आहे: मोकळा मार्ग मिळाला तर लागतो, नाही तर तत्काळ नाकारला जातो, त्याला रांगेत उभे राहता येत नाही. लघुसंदेशाचे तसे नाही. तो अत्यंत लहान असतो आणि तत्काळ पोहोचला नाही तर केंद्रात जपून ठेवला जातो व मार्ग मिळताच पुढे जातो. म्हणून वादळानंतर दहा वेळा फोन लावण्यापेक्षा ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढा एक लघुसंदेश पाठवावा. तो पोहोचण्याचा संभव अधिक. शिवाय त्या टॉवरवरून ज्याला खरोखर रुग्णवाहिका बोलवायची आहे, त्याचा मार्ग मोकळा राहतो.

आपण काय करावे

या विवेचनातून घरी, वसतिगृहात आणि समाजात आचरता येतील अशा काही गोष्टी निघतात.

पहिली, अर्ज मुदतीच्या पहिल्या आठवड्यात भरावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते यांची तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीतच करून ठेवावी. अनेकदा अर्ज लांबतो तो कागदांमुळे, आणि गर्दीत सापडतो तो लांबल्यामुळे. जो लवकर जातो तो स्वतःचा वेळ वाचवितोच, पण शेवटच्या दिवसाची गर्दीही एकाने कमी करतो.

दुसरी, वसतिगृहातील सामाईक जोडणी काठोकाठ भरू देऊ नये. मोठ्या फिती व संगणकाची अद्ययावतीकरणे रात्री उतरवावीत. राउटरमध्ये प्रत्येक यंत्राला समान वाटा देण्याची सोय असल्यास ती चालू करावी. अर्ज भरण्याच्या काळात एक संगणक केवळ त्याच कामासाठी राखून ठेवावा. हा अग्रक्रम आहे आणि त्याची किंमत इतरांच्या प्रतीक्षेने चुकवावी लागते, हे मुलांना समजावून सांगावे. कारण सांगून दिलेला अग्रक्रम मुले आनंदाने मान्य करतात.

तिसरी, घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे दोन, अशी स्थिती 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी होती आणि आजही कित्येक घरांत आहे. तेथेही वाटणीचा नियम ठरविणे आवश्यक असते. नियम ठरविला नाही तर तो आपोआप ठरतो, आणि बहुधा मोबाइल मुलाच्या हाती जातो व मुलगी थांबते. मुलीचे काम लहान असो वा मोठे, तिचा वाटा तिला मिळाला पाहिजे.

चौथी विनंती माजी विद्यार्थ्यांना. आपल्यापैकी कित्येक जण आज मुंबई-पुण्यात, नवी मुंबईत, परदेशातही संगणकाच्या क्षेत्रात आहेत. मुदतीच्या काळात गावाकडच्या दोन मुलांचे अर्ज आपल्या जोडणीवरून भरून द्यावेत. पैशाच्या मदतीइतकीच ही मदत मोलाची आहे, आणि तिला लागतो तो फक्त अर्धा तास.

प्रतीक्षा पूर्णपणे नाहीशी करणे कोणत्याही शास्त्राला शक्य नाही. मागणारे अनेक आणि देणारा एक, ही स्थिती नळापासून टॉवरपर्यंत सर्वत्र राहणारच. रांगशास्त्र आपल्याला एवढेच दाखविते की थोडी जागा मोकळी ठेवली तर सर्वांचे चालते, आणि वाटणीचा नियम विचारपूर्वक ठरविला तर लहान गरज असलेला मोठ्या गरजेच्या मागे चिरडला जात नाही. नळापुढे आपल्या मागच्या लहान मुलाची बादली आधी भरू देणारी मुले वसतिगृहांत पूर्वीही होती आणि आजही आहेत. त्यांनी हे गणित कधी वाचले नव्हते. ते त्यांना कळले होते.